आधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह, मग घरातला कॉक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची चाहूल लागली की पाणी जपून वापरण्याच्या सूचना सगळीकडून सुरू होतात. गाडी पाइप लावून धुऊ नका, दाढी करताना नळ वाहता ठेवू नका, गळके नळ वेळीच दुरुस्त करून घ्या, हे सारे योग्यच आहे. मात्र गळका नळ दुरुस्त करायचा, तर त्याच्या मागचे पाणी आधी बंद करता आले पाहिजे. आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या पुण्यातील अनेक इमारतींमध्ये नेमके तेच करता येत नाही. घरातला कॉक फिरत नाही, फिरला तर पाणी थांबत नाही, आणि जोर लावावा तर दांडीच हातात येते. मग प्लंबर गच्चीवर जातो, तिथला व्हॉल्व्हही बंद होत नसल्याचे सांगत खाली उतरतो, आणि टाकी रिकामी होईपर्यंत थांबायचे ठरते. अर्ध्या इंचाच्या नळाचा साधा वायसर बदलण्यासाठी हजारो लिटर शुद्ध केलेले पाणी गटारात सोडले जाते. पाणीबचतीच्या चर्चेत या कॉकचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून हे पत्र.

आपल्या इमारतींमधील पाण्याची रचना आधी लक्षात घ्यावी लागेल. महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि गच्चीवरून वेगवेगळ्या उभ्या पाइपांमधून, म्हणजे प्लंबर ज्यांना डाउनटेक म्हणतात त्यांतून, खाली घरोघरी उतरते. स्वयंपाकघरांच्या रांगेसाठी एक डाउनटेक, न्हाणीघरांसाठी दुसरा, शौचालयांच्या फ्लशसाठी तिसरा, अशी वाटणी असते. त्यामुळे एकाच सदनिकेत पाणी तीन-चार ठिकाणांहून शिरते, आणि ज्याला घराचा मुख्य कॉक म्हणावे असा एकच कॉक अशा घराला नसतो. परदेशी व्हिडिओंमध्ये तळघरात किंवा दारापाशी असलेला एक व्हॉल्व्ह बंद केला की अख्खे घर कोरडे होते. ते पाहून आपल्या घरात तसाच व्हॉल्व्ह शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे प्रत्येक शाखेचा कॉक वेगळा असतो. तो बहुधा डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, खिडकीच्या मागे, किंवा नंतर झालेल्या सजावटीत फर्निचरच्या आड गेलेला असतो. किती कॉक आहेत आणि ते कोठे आहेत, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही, इथपासूनच अडचण सुरू होते.

एवढ्या आडवाटेच्या कॉककडे लक्ष का द्यावे, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. टाकीतील पाण्याच्या पातळीपासून नळ जितका खाली, तितका दाब अधिक. दर दहा मीटरला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असा तो वाढतो. सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन किलोच्या आसपास दाब सहज असतो. अशा ठिकाणी वॉश बेसिनखालची लवचीक जोडनळी फुटली, तर वीस लिटरची बादली अर्ध्या-पाऊण मिनिटात भरेल इतके पाणी बाहेर पडू शकते. अर्ध्या तासात हजार लिटर धरले, तर दरडोई दररोज 135 लिटर या भारतीय मानकाने ते सात माणसांचे दिवसभराचे पाणी होते. भिजलेले लाकडी फर्निचर, खालच्या घराचे पोपडे आलेले छत आणि त्यावरून दोन शेजाऱ्यांत पडणारे अंतर यांचा हिशेब निराळाच.

आता हे कॉक बिघडतात कसे ते पाहू. 1980 आणि 1990 च्या दशकांतील इमारतींमध्ये प्रामुख्याने पितळी गेट व्हॉल्व्ह बसवले गेले. त्याच्या आत एक पाचर असते. चाक फिरवले की दांडीच्या आट्यांवरून ती खाली-वर सरकते आणि खाली जाऊन खाचेत घट्ट बसली की पाणी थांबते. रचना उत्तम आहे, पण ती अधूनमधून फिरवली जाईल असे गृहीत धरूनच केलेली आहे. पंधरा-वीस वर्षे व्हॉल्व्ह उघडाच राहिला, की बोअरच्या आणि टँकरच्या कठीण पाण्यातील क्षार आणि जुन्या लोखंडी पाइपांचा गंज नेमक्या त्या खाचेत साचतो. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेला एक व्हॉल्व्ह मी कठड्यावर ठेवून उघडून पाहिला. खाचेत पांढरट, दगडासारखा थर बसला होता, त्यावर तांबूस गाळ होता, आणि पाचरीच्या कडेचे पितळ जागोजागी गुलाबी पडून ठिसूळ झाले होते. पितळातील जस्त वर्षानुवर्षे पाण्यात झिरपून गेले की मागे असे सच्छिद्र तांबे उरते आणि त्यात ताकद राहत नाही. चाक मात्र गरागरा फिरत होते, कारण दांडीने पाचर केव्हाच सोडली होती. अशी सुटलेली पाचर कधी उघड्या स्थितीत अडकून राहते आणि पाणी बंदच होत नाही, तर कधी आपोआप खाली पडते आणि एका रांगेतील सगळ्या घरांचे पाणी अचानक जाते. मग पंपापासून पालिकेपर्यंत सगळ्यांना दोष दिला जातो, व्हॉल्व्हकडे मात्र कोणी पाहत नाही.

यात आपल्या सवयींचाही वाटा आहे. वरच्या मजल्यांना दाब कमी मिळतो म्हणून खालच्या मजल्यांचे गेट व्हॉल्व्ह अर्धवट बंद करून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतो. तो अर्धवट ठेवला की पाण्याच्या झोताने पाचर थरथरते, तिच्या कडा झिजतात, आणि ज्या दिवशी तो खरोखर बंद करायची वेळ येते त्या दिवशी तो दगा देतो. प्रवाह कमी-जास्त करायचाच असेल, तर त्यासाठी वायसरने बंद होणारा कॉक निराळा मिळतो आणि दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्हही मिळतो.

प्रत्येक बिघाडात कॉक बदलावाच लागतो असे नाही, आणि सरसकट सगळे काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्या कंत्राटदाराकडे मी तरी सावधपणे पाहीन. चाकाखालून, दांडीभोवती पाणी झिरपत असेल, तर दोष बहुतेक वेळा आतल्या पॅकिंगचा, म्हणजे दांडीभोवती पाणी अडवणाऱ्या दोरीचा, असतो. दांडीभोवतीचा ग्लँड नट पान्ह्याने किंचित, म्हणजे एका फेऱ्याचा आठवा भाग, आवळला तरी अनेकदा गळती थांबते. न थांबल्यास मागचे पाणी बंद करून नट सोडवावा, जुने पॅकिंग टोकदार हत्याराने काढावे आणि ग्रेफाइटची किंवा टेफ्लॉनची दोरी, नट ज्या दिशेने आवळला जातो त्याच दिशेने दांडीभोवती गुंडाळून नट पुन्हा बसवावा. वायसरच्या कॉकमधून बंद केल्यावरही पाणी येत असेल, तर वायसर बदलावा. पण वायसर ज्या कडेवर टेकतो तिच्यावर खाच पडली असेल, तर नवा वायसरही महिन्या-दोन महिन्यांत फाटतो. अशा वेळी ती कड घासून सपाट करून घ्यावी किंवा कॉक बदलावा. ज्या गेट व्हॉल्व्हची पाचर सुटली आहे किंवा ज्याच्या अंगावर बारीक हिरवट-पांढरे डाग धरून ओल येते आहे, त्याच्या दुरुस्तीवर मात्र वेळ घालवू नये. आणि अडकलेल्या चाकाला मोठा पाइप पान्हा लावून जोर तर कधीच करू नये. हलक्या हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे केल्याने क्षाराचा थर सुटला तर सुटतो. नाहीतर तो कॉक बदलण्याच्या यादीत घालावा.

बदलताना घरगुती मापांत, म्हणजे अर्धा, पाऊण आणि एक इंच पाइपांवर, पूर्ण भोकाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवणे बहुतेक ठिकाणी हिताचे ठरते. त्यात आरपार भोक असलेला एक गोल गोळा असतो. दांडा काटकोनात फिरवला की तो बंद होतो. दांडा पाइपच्या रेषेत असेल तर पाणी चालू, आडवा असेल तर बंद, हे घरातल्या लहान मुलालाही दिसते, आणि घबराटीच्या क्षणी ही गोष्ट फार मोलाची ठरते. खरेदी करताना भोकाकडे जरूर पाहावे. बाहेरून एक इंची दिसणाऱ्या स्वस्त व्हॉल्व्हचे आतले भोक पाऊण इंचाहूनही लहान असू शकते, आणि टाकीच्या कमी दाबावर वरच्या मजल्यांना त्याचा लगेच फरक पडतो. जिथे गेट व्हॉल्व्हच घ्यायचा तिथे भारतीय मानक 778 चा, आणि स्टॉप कॉक घ्यायचा तिथे मानक 781 चा शिक्का पाहून घ्यावा. तोच कॉक बिनशिक्क्याचा घेऊन वाचणारे पैसे प्लंबरच्या एका खेपेइतकेही नसतात. बॉल व्हॉल्व्हचीही पथ्ये आहेत. तोही अर्धवट उघडा ठेवू नये, कारण गोळ्याच्या दोन्ही बाजूंची टेफ्लॉनची कडी झिजतात. आणि तो झटक्यात बंद करू नये, कारण वाहते पाणी एकदम अडले की पाइपला हादरा बसतो आणि जुने सांधे त्या हादऱ्यानेच गळू लागतात.

बसवण्याच्या कामात दोन-तीन गोष्टी अशा आहेत, की त्या घरमालकाने स्वतः उभे राहून पाहाव्यात. पहिली म्हणजे व्हॉल्व्हच्या एका बाजूला युनियन, म्हणजे सुटा करता येणारा सांधा, बसवून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी पाइप न कापता तो काढता येतो. डक्टमध्ये जागा नाही म्हणून ती टाळली जाते आणि दहा वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागते. दुसरी गोष्ट सांध्यांची. लोखंडी पाइपवर सुतळी आणि सफेदा, म्हणजे पांढरा तेलकट लेप, लावण्याची जुनी पद्धत अजून चालते. जुन्या पांढऱ्या सफेद्यात शिसे असे, त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या सांध्यावर अनोळखी डब्यातला सफेदा वापरू देऊ नये. सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपच्या आट्यांवर तर तो मुळीच नको, तिथे टेफ्लॉन टेपच योग्य. तेलकट लेप त्या प्लास्टिकला मानवेलच असे नाही, आणि सुतळीच्या जाड थरावर पितळी आटा आवळला तर सॉकेट उभे चिरते. सीपीव्हीसीचे बाहेरचे माप लोखंडी पाइपशी जुळत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये पितळी आट्याचा जोडतुकडाच लागतो. प्लास्टिकचे सांधे चिकटवणारे सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर ते वाळण्यासाठी डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा लागतो. घाईने पाणी सोडले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम.

तिसरी गोष्ट विजेची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जुन्या घरांत गीझरचे किंवा धुलाई यंत्राचे अर्थिंग म्हणून नळाच्या लोखंडी पाइपला वायर गुंडाळलेली आढळते. ती पद्धत मुळातच चुकीची आहे, पण पाइप जमिनीपर्यंत लोखंडी होता तोवर काही अंशी निभावून जाई. मधला तुकडा प्लास्टिकचा झाला की तो मार्ग तुटतो, आणि उपकरणात बिघाड झाल्यास नळाला हात लावणाऱ्याला विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून लोखंडी पाइप कापण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे अत्यावश्यक आहे. गीझरचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक: गीझर आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कधीही कॉक बसवू देऊ नये.

भिंतीत गाडलेल्या स्टॉप कॉकबद्दल थोडक्यात सांगतो. तो बिघडला की लाद्या फोडाव्याच लागतात असा समज आहे. बाहेरची टोपी आणि चकती काढून, मागचे पाणी बंद करून, पुढूनच आतला स्पिंडल, म्हणजे फिरणारी दांडी, बदलता येतो. अट एवढीच, की त्याच कंपनीचा त्याच मापाचा स्पिंडल मिळाला पाहिजे. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी एक-दोन जादा स्पिंडल घेऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण कंपन्या आपली मॉडेले बदलतात.

हे सगळे घरमालकाने मनावर घेतले तरी गाडी पुन्हा गच्चीवरच येऊन अडते. घरातला कॉक बदलायचा तर त्या डाउनटेकचा वरचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. तो होत नसेल, तर एका घरासाठी संपूर्ण रांगेचे, कधी संपूर्ण इमारतीचे पाणी तोडावे लागते. मग शेजाऱ्यांची सोय पाहून काम पुढे ढकलले जाते आणि गळतीखाली बादली ठेवून महिने निघतात. यासाठी सोसायट्यांनी क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आधी गच्चीवरचे सगळे व्हॉल्व्ह एकाच ठरलेल्या दिवशी बदलावेत. त्या दिवशी टाकीत पाणी कमीत कमी राहील अशा बेताने आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवावा. टाकीला दोन कप्पे असतील तर एकेक कप्पा घ्यावा, आणि टाकी धुण्याचे कामही त्याच दिवशी उरकावे. वरचे व्हॉल्व्ह भरवशाचे झाले, की मग एकेका रांगेला अर्धा दिवस देऊन घरांमधले सगळे कॉक ओळीने बदलता येतात, आणि प्लंबरची मजुरी घरटी विभागली जाते. पाणी पुन्हा सोडताना सर्वांत वरच्या मजल्याचे नळ आधी उघडे ठेवावेत, म्हणजे पाइपात अडकलेली हवा निघून जाईल. आणि प्रत्येकाने नळाच्या तोंडाची जाळी काढून थोडे पाणी वाहू द्यावे, नाहीतर सुटलेला गंज जाळीत अडकून नव्या तक्रारी सुरू होतात. गच्चीवर सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी उघड्यावर असेल, तर त्याला रंग किंवा आच्छादन हवे. उन्हाने हे पाइप ठिसूळ होतात.

खर्च कोणाचा, यावर सर्वसाधारण सभेत वाद होतो, पण तो फारसा होण्याचे कारण नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या पाण्याच्या पाइपलाइन, पंप, टाक्या आणि सामाईक पाइपांमुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते, आणि सदनिकेच्या आतले काम सभासदाने. म्हणजे गच्चीवरचे आणि डाउनटेकवरचे व्हॉल्व्ह संस्थेचे, घरातल्या शाखांवरचे कॉक सभासदाचे. डक्टमधला, डाउनटेकमधून घरात वळणारा कॉक कोणाचा, यावर मतभेद होऊ शकतो. तो संस्थेने एकदाच ठराव करून आपल्याकडे घ्यावा, असे माझे मत आहे. एकाने बदलला नाही म्हणून गळणारा तो कॉक खालच्या सगळ्यांची भिंत ओली करतो.

कुलूपबंद सदनिकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुले अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात, आईवडील सहा-सहा महिने त्यांच्याकडे, आणि इथले घर बंद, अशी घरे आता प्रत्येक इमारतीत आहेत. अशा घरातील कमोडच्या टाकीचा फ्लोट अडकला, तर पाणी ओव्हरफ्लोमधून कमोडमध्ये दिवसरात्र वाहत राहते आणि कोणाला कळतही नाही. घर महिन्याहून अधिक बंद राहणार असेल, तर घरात शिरणाऱ्या सर्व शाखांचे कॉक बंद करूनच कुलूप लावावे, आणि तसे चिटणिसांना कळवावे. यासाठी डक्टमधल्या प्रत्येक कॉकवर सदनिकेचा क्रमांक आणि 'स्वयंपाकघर', 'न्हाणीघर' असे लिहिलेली पत्र्याची पट्टी तारेने बांधलेली असावी. आमच्याकडे हे काम दोन रविवारांत झाले. अर्थात पट्ट्यांवरची काही नावे पहिल्या प्रयत्नात चुकली होती, कारण एका रांगेत कोणाचे पाणी कोठून येते याबद्दल तिथे राहणाऱ्यांचीच मते वेगवेगळी होती. प्रत्येक कॉक बंद करून कोणाचा नळ थांबतो ते पाहूनच ती नक्की करावी लागली. वर्षातून दोनदा, उदाहरणार्थ टाकी धुण्याच्या दिवशी, प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडण्याचे काम सोसायटीच्या प्लंबरकडे द्यावे. एवढ्यानेही क्षाराला खाचेत बस्तान मांडायला वेळ मिळत नाही.

नव्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांनी आपल्याला हे लागू नाही असे समजू नये. तेथे व्हॉल्व्ह नवे आहेत, पण कोणता पाइप कोठून गेला हे दाखवणारा नकाशा सोसायटीकडे क्वचितच असतो. स्थावर संपदा कायदा, 2016 नुसार, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे संस्थेच्या स्वाधीन करणे ही विकासकाची जबाबदारी आहे, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळल्यास, तो निदर्शनास आणल्यापासून 30 दिवसांत विनामूल्य दूर करणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. तिसऱ्या वर्षी न बंद होणारा व्हॉल्व्ह हा असाच दोष मानून लेखी तक्रार करावी. स्वखर्चाने बदलून गप्प बसू नये. ताबा घेताना रंग आणि लाद्या तपासणाऱ्या मंडळींनी प्रत्येक कॉक एकदा फिरवूनही पाहावा.

महापालिकेकडे माझी मागणी मर्यादित आहे. मीटरच्या आधीचा कॉक आणि मुख्य वाहिनीवरील फेरूल, म्हणजे तिथून इमारतीची जोडणी जिथे निघते तो तुकडा, यांना नागरिकाने हात लावायचा नसतो, ते काम पालिकेच्या किंवा परवानाधारक प्लंबरच्या हातूनच व्हायला हवे, आणि ते योग्यही आहे. मात्र हा बाहेरचा कॉक निकामी असल्याची तक्रार केल्यावर तो किती दिवसांत बदलला जाईल, याची मुदत क्षेत्रीय कार्यालयात जाहीर लावलेली असावी. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवताना मीटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह तपासून, ते बंद होतात याची सोसायटीच्या प्रतिनिधीसमोर खात्री करून, तशी नोंद देण्याची पद्धत ठेवावी. आणि नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी, प्रत्येक सदनिकेचे कॉक हाताला पोहोचतील अशा जागी आहेत आणि डक्टला उघडता येणारे दार आहे, हे प्रत्यक्ष पाहून तपासणी अहवालात नमूद करावे. आमच्या डक्टला असे दार नाही. तिथे जाण्यासाठी दुसऱ्या मजल्यावरील एका न्हाणीघराच्या खिडकीची जाळी काढावी लागते, आणि ती सदनिका सध्या बंद आहे.

आपला नम्र,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद,
कोथरूड, पुणे